वाचकांचे प्रश्न : टायब्रेकरची तयारी

प्रश्न : मे 2025 मध्ये 19 वर्षांखालील सॅफ (दक्षिण आशियाई) फुटबॉल स्पर्धेची फायनल भारताच्या पोरांनी बांगलादेशविरुद्ध टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या प्रत्येकी पाच पेनल्टींवर, मारली. कर्णधाराला पाचव्या फटक्यासाठी राखून ठेवलं, ते बरोबर होतं का? आमच्या तालमीत (फुटबॉल संघात) यावरून अजून वाद होतो. (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : आधी हिशेब मांडू. 18 मे रोजी अरुणाचलातल्या युपियाला कर्णधार सिंगामायुम शामीनं दुसऱ्याच मिनिटाला फ्री किकवर गोल केला आणि 61व्या मिनिटाला बांगलादेशनं बरोबरी साधली. टायब्रेकरमध्ये बांगलादेशचे पहिले तिन्ही फटके जाळ्यात गेले, आपला दुसरा अडवला गेला. इथून सामना फिरला. त्यांचा चौथा गोलच्या आडव्या बारवरून गेला, पाचवा आपला गोली सूरज सिंगनं अडवला. 3-3 असताना शामी आला आणि 4-3 करून गेला.

निकाल आपल्या बाजूनं लागला म्हणून जुगार कमी ठरत नाही. बांगलादेशचे शेवटचे दोन्ही फटके गोलात गेले असते, तर शामीला चेंडू ठेवायची वेळच आली नसती. स्थानिक संघांनी सगळ्यात खात्रीचा खेळाडू पहिला पाठवावा आणि दुसरा भरवशाचा चौथा. पाचवा मात्र असा हवा की 'सगळं तुझ्यावर आहे' हे कळूनही ज्याची धाव बदलत नाही. असा पोरगा संघात असेल तर तो कर्णधारच हवा असं काही नाही.

प्रश्न : 14 वर्षांखालील मुलांना सरावात दहातले नऊ जमतात, मॅचमध्ये तेच बाहेर मारतात. काय चुकतं? (एक प्रशिक्षक, शिवाजी पेठ)

उत्तर : सराव ताज्या पायांनी होतो, तिथंच चुकतं. टायब्रेकर येतो तेव्हा पोरगं दमलेलं असतं आणि मधल्या वर्तुळापासून पेनल्टी स्पॉटपर्यंत तीस-चाळीस मीटर एकटं चालत येतं. सरावाच्या शेवटी, दमल्यावर, प्रत्येकाला तेवढं चालत आणा. बाकीच्यांना मागं ओरडू द्या. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ओरडा काही कमी नसतो. प्रत्येकाला आठवड्यात पाचच फटके द्या आणि कोणता कोपरा, गोल की हुकला, एवढं वहीत लिहा. फटक्यांचा क्रम त्या वहीवरून ठरवा.

आता पाय बघा. चेंडू बारवरून जातो तो बहुतेक वेळा टेकवलेला पाय चेंडूच्या मागं राहिल्यानं. मग अंग मागं झुकतं आणि बूट चेंडूच्या खाली शिरतो. टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला, वीतभर अंतरावर, बोटं निशाण्याकडं. गुडघा चेंडूवर झुकलेला. दुसरी चूक घाईची. शिट्टी म्हणजे परवानगी, हुकूम नव्हे. एक श्वास घ्यायचा, मग धाव. आणि कोपरा चालत येतानाच ठरवायचा. धावताना गोलीकडं बघून बेत बदलला की फटका हमखास मधे, ढिला जातो.

धावताना थबकलं तरी चालतं. धाव संपल्यावर पाय उगारून फसवलं, तर पिवळं कार्ड आणि तो फटका हुकलेला धरतात. पाऊस पडून गेला असेल तर टेकवणारा पाय पडणार ती जागा आधी बुटानं दाबून बघा. पाय घसरून चेंडू चुकून दोन्ही पायांना लागला आणि गोल झाला, तर नियम ठरवणाऱ्या आयफॅबच्या 2025 मधल्या खुलाशाप्रमाणे फटका पुन्हा घेतात. गोल झाला नाही तर हुकलेला धरतात.

प्रश्न : मी गोली आहे. फटका अडवला, पण पंचांनी पुन्हा मारायला लावला. असं का? (एक खेळाडू, फुलेवाडी)

उत्तर : तू लवकर पुढं आला असशील. चेंडूला पाय लागतो त्या क्षणी गोलीच्या एका पायाचा थोडा तरी भाग गोलरेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेच्या मागं हवा. पहिल्या वेळी ताकीद मिळते, पुन्हा केलंस तर पिवळं कार्ड. म्हणून एक पाय रेषेवर ठेवून दुसऱ्यानं पुढं झेप घ्यायची सवय लाव.

ताशी 80 किलोमीटरनं मारलेला चेंडू 11 मीटर अर्ध्या सेकंदात कापतो. चेंडू सुटलेला बघून कोपऱ्यात पोचणं होत नाही. मारणाऱ्याचा टेकवलेला पाय आणि कंबर बघ. उजव्या पायाच्या खेळाडूची कंबर उघडी, म्हणजे बाहेर वळलेली, राहिली तर चेंडू बहुधा त्याच्या उजवीकडं, म्हणजे तुझ्या डावीकडं येतो. कंबर आत वळून बंद झाली तर तुझ्या उजवीकडं. पाय टेकला की झेप. त्याआधी हललास तर तो तुझा बेत ओळखतो.

प्रश्न : आमचा एक खेळाडू लाल कार्डनं गेला. टायब्रेकरला समोरचे अकराच राहतात का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : नाही. त्यांनाही एक खेळाडू बाजूला ठेवून दहा करावे लागतात आणि त्याचं नाव पंचांना आधी सांगावं लागतं. नाहीतर तुमच्या दहाही जणांचे फटके संपून सगळ्यात खात्रीचा मारणारा दुसऱ्या फेरीसाठी परत येईल तेव्हा त्यांचा अकरावा अजून पहिलाच फटका मारत असता.