सांगोला लाल दिसतोय, पण म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: मी सोलापुरात कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. डाळिंबावर तेल्या रोग आला म्हणून जे शेतकरी दुकानात येतात त्यांच्याकडून दोन हंगाम व्हॉट्सअॅपवर लोकेशन मागवून घेतलं, सव्वातीनशे बागा झाल्या. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर यूट्यूब बघून शिकलो. आधी सगळे ठिपके समुद्रात पडले, मग कसंबसं जमलं, आणि हीटमॅप, म्हणजे ठिपके दाट तिथं लाल दिसणारा नकाशा, केला तर सांगोला नुसता लालभडक. म्हणजे तेल्या तिकडंच जास्त आहे असं धरायचं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: समुद्राचं आधी सांगतो. सोलापूर साधारण 17.7 उत्तर, 75.9 पूर्व. ठिपके टाकताना एक्सच्या रकान्यात रेखांश द्यायचा असतो, तिथं अक्षांश गेला की बागा थेट आर्क्टिक समुद्रात, स्वालबार्डच्या खाली! लाजू नका, माझंही झालंय.

आता लाल रंग. दादा, सांगोल्यात मुळात डाळिंबच जास्त, मग तक्रारी पण जास्त येणारच ना. आषाढीला पंढरपुरात चपला जास्त हरवतात म्हणून तिथं चोर जास्त राहतात असं म्हणाल का? शिवाय हे ठिपके फक्त तुमच्या गिऱ्हाइकांचे, म्हणजे निम्मा नकाशा रोगाचा आणि निम्मा तुमच्या दुकानाचा. करायचं असं की वहीतले सगळेच डाळिंबवाले घ्या, तेल्या नसलेले सुद्धा, आणि गावागावात शंभरातल्या किती बागांना लागला ते काढा. ज्या गावात तुमची दोनच गिऱ्हाइकं आहेत तिथं टक्केवारीवर जाऊ नका, दोन्ही बागांना लागला की शंभर टक्के दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो.

हीटमॅपची अजून एक गंमत, स्टाइलमध्ये रेडियस, म्हणजे एकेका ठिपक्याचा डाग किती पसरायचा ते, आधीपासून मिलिमीटरमध्ये असतो, तो स्क्रीनवरचा. त्यामुळं झूम आउट केलं की डाग एकमेकांत मिसळतात आणि अख्खा तालुका पेटल्यासारखा वाटतो. लेयर ईपीएसजी 32643 या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत सेव्ह करा, प्रोजेक्टलाही तीच लावा, रेडियसचं एकक मॅप युनिट्स ठेवा म्हणजे तो मीटरमध्ये येतो, आणि 1, 3, 5 किलोमीटर असं बदलून बघा. तिन्हीत जो डाग टिकतो तोच बघण्यासारखा. पुढं जिओडा म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गावांची टक्केवारी टाकून मोरान्स आय नावाचा आकडा काढता येतो, त्यावरनं शेजारशेजारची गावं खरंच सारखी आहेत की नुसतं तसं भासतंय ते कळतं.

आणि पांढऱ्या, म्हणजे ठिपके नसलेल्या, जागा सोडू नका हं. 1854 ला लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरनं कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले तेव्हा ज्या पंपाच्या पाण्यानं रोग पसरत होता त्याच्या जवळच असून दारूच्या कारखान्यातले कामगार का वाचले हे पण त्यानं शोधलं, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. तुमच्याकडं पांढरं गाव म्हणजे रोग नाही, की तिथले लोक दुसऱ्या दुकानात जातात?

तेल्या पावसाच्या शिंतोड्यानं, छाटणीच्या कात्रीनं आणि रोगट रोपांवाटे पसरतो, त्यामुळं शीटमध्ये दोन कॉलम वाढवा, रोपं कुठनं आणली आणि छाटणी कुठल्या टोळीनं केली. त्याप्रमाणं ठिपक्यांना रंग द्या आणि तो नकाशा मला पाठवा.