नवी जाती ‘शोधली’ की तिचं ‘वर्णन केलं’?

प्रश्न असा आला आहे: “‘बार्कलाइसच्या नव्या प्रजातीचे वर्णन करण्यात आले’ असं एका बातमीत वाचलं. वर्णन कसलं? ‘शोध लावला’ असं हवं ना? आणि बार्कलाइसला मराठीत काय म्हणायचं?”

बार्कलाइस म्हणजे झाडांच्या सालीवर राहणारे बारीक किडे. आणि ‘वर्णन’ बरोबर आहे. बातमीत काही खटकत असेल तर ते ‘प्रजाती’, पण त्याकडे नंतर येतो.

वर्णन म्हटलं की आपल्याला शाळेतला पावसाळ्यावरचा निबंध आठवतो. प्राणिशास्त्रात मात्र वर्णन ही दस्तऐवज करण्यासारखी गोष्ट आहे. किडा झाडावर युगानुयुगं असेल, गावातल्या पोरांनी रोज पाहिला असेल, एखाद्या संग्रहालयाच्या बाटलीत वर्षानुवर्षं पडून असेल. पण त्याचं नाव आणि वर्णन रीतसर प्रसिद्ध होत नाही तोवर शास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद नाही. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली 1930 नंतरच्या नव्या जातींच्या बाबतीत सांगते की ही जाती इतरांहून वेगळी कशी, ती लक्षणं शब्दांत मांडलेली हवीत. शब्दांत! नुसता देखणा फोटो चालत नाही. 1999 नंतरच्या नावांना तर ते कोणत्या नमुन्यावरून ठेवलं, तो नमुनाही नेमून द्यावा लागतो.

‘शोध लावणे’ इथे का नको? आपण विजेच्या दिव्याचाही शोध लावतो आणि ग्रहाचाही, त्यामुळे हा शब्द आधीच ताणलेला आहे. त्यात किडा सापडतो एकाला, वर्णन करतो दुसरा, आणि मधे कित्येक वर्षं जातात. मग शोध कुणी लावला? ‘वर्णन केलं’ म्हटलं की तो घोळच उरत नाही.

‘वर्ण्’ या संस्कृत धातूचा अर्थ रंगवणे असाही होतो आणि वर्णन करणे असाही. गंमत म्हणजे या किड्यांच्या वर्णनात रंग हीच सर्वांत कच्ची बाजू. नमुने अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि तिथे रंग उतरतो. म्हणून प्रामाणिक लेखक रंगाच्या परिच्छेदाआधी कंसात ‘अल्कोहोलमध्ये’ असं टाकतात. लग्नाच्या शालूचा रंग धुतल्यावर नोंदवावा, तसं.

वर्णनाइतकाच महत्त्वाचा भाग असतो ‘डायग्नॉसिस’, म्हणजे ही जाती इतरांहून कशी ओळखायची ते सांगणारा मजकूर, आणि त्याचं भाषांतर हमखास ‘निदान’ असं होतं. ते वाचलं की किड्याला हिवताप झालाय असं वाटतं. आपल्याकडे याला उत्तम शब्द पडून आहे: लक्षण. रोगाचं नव्हे, न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं. असाधारण धर्म म्हणजे लक्षण. फक्त त्याच वस्तूत असतो आणि त्या वर्गातल्या सगळ्यांत असतो, असा गुण. गाईचं लक्षण ‘शिंगं असणे’ केलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘तांबडी असणे’ केलं तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘अखंड खूर असणे’ केलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखालची पोळी म्हटलं की काम झालं. नवी जाती वर्णन करणारा माणूस नेमकं हेच करत असतो, फक्त त्याची गाय 3-4 मिलिमीटरची असते.

बार्कलाइसचंच घ्या. पंख घराच्या छपरासारखे पाठीवर उतरते, मिशा लांब दोऱ्यासारख्या, आणि कपाळाखालचा भाग सुजल्यागत फुगलेला. ही सगळी गणाची, म्हणजे या किड्यांच्या अख्ख्या मोठ्या गटाची खूण, जातीसाठी कुचकामी. पुढच्या पंखाच्या मागच्या कडेला एका शिरेची लहानशी कमान दिसते. ती वरच्या शिरेला जोडलेली आहे की सुटी आहे, यावरून कुळाचा अंदाज येतो. जातीपर्यंत पोचायला मात्र पोटाचं टोक कापून, स्वच्छ करून, काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांचा आकार पाहावा लागतो. पिल्लं हाती आली तर बहुतेक वेळा जाती ठरवता येत नाही. त्यामुळे कुणी मोबाइलवरचा फोटो पाठवून ‘ही नवी जाती आहे का’ विचारलं की उत्तर जवळपास नेहमीच ‘सांगता येत नाही’ असं असतं, आणि तो टाळाटाळीचा प्रकार नसतो.

लक्षणाचं हे शास्त्र एका बार्कलाऊसने कसं गोत्यात आणलं बघा. 2010 मध्ये जिनिव्हाचे शार्ल लीनहार्ड आणि त्यांच्या ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांनी ब्राझीलच्या गुहांतल्या ‘निओट्रोग्ला’ नावाच्या बार्कलाइसचं वर्णन प्रसिद्ध केलं. 2014 मध्ये जपानचे काझुनोरी योशिझावा आणि इतरांनी त्याच निओट्रोग्लाच्या जोड्यांचा अभ्यास मांडला. शिश्नासारखं इंद्रिय मादीला आहे, आणि ती ते नराच्या शरीरात घालून 40 ते 70 तास वीर्य आणि त्याबरोबरचं पोषण खेचून घेते! 2017 चं जीवशास्त्राचं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, त्यांना मिळालं. ‘शिश्न असणे’ हे नराचं लक्षण मानणाऱ्यांची इथे सरळ अतिव्याप्ती झाली. मग हिला मादी का म्हणायचं? अंडी ती घालते म्हणून. तेच खरं लक्षण.

आता ‘प्रजाती’. मराठी विश्वकोशातल्या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी पाहा: स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, ‘प्रजाती’ किंवा ‘वंश’. वर्तमानपत्रं सर्रास स्पीशीजला प्रजाती म्हणतात. ‘जात’ हा शब्द आपल्याकडे भलतीकडे नेतो, त्यामुळे तो टाळावासा वाटणं मी समजू शकतो. पण मग जीनसला ‘वंश’ म्हणा आणि लेखभर ते पाळा. एकाच परिच्छेदात प्रजाती दोन्हींसाठी आली की वाचक संपला.

राहिलं बार्कलाइस. ‘सालीवरच्या उवा’ हे शब्दशः भाषांतर मला पसंत नाही. नात्याच्या दृष्टीने ते अगदीच चूक नाही म्हणा. खऱ्या उवा याच किड्यांच्या घराण्यातून निघाल्या असं आता मानतात. पण ऊ म्हटलं की रक्त पिणं आलं, आणि हे बिचारे खातात शेवाळ, बुरशी आणि मसाल्यातलं दगडफूल ज्या जातकुळीतलं, त्या प्रकारचे थर. ‘खोडकिडा’ शब्द भात-उसाच्या शत्रूने आधीच अडवलेला आहे. ‘सालकिडा’ म्हणावं तर बागाईतदाराला साल खाणारी अळी आठवेल आणि तो पंप घेऊन निघेल. आमच्या आवारातल्या आंब्याच्या खोडावर पावसाळ्यात यांचा रुपयाएवढा घोळका बसतो. काडी लावली की सगळे एकदम पांगतात आणि थोड्या वेळाने पुन्हा गोळा होतात, गुरांसारखे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लोकांनाही तेच सुचलं, ते त्यांच्याकडच्या अशा घोळक्यांना ‘झाडावरची गुरं’ म्हणतात.

माझा कौल ‘सालखरवडे’ला. या गणाचं शास्त्रीय नाव ज्या ग्रीक धातूवरून आलं त्याचा अर्थ घासून भुगा करणे, आणि हे किडे करतात तेच. शिवाय पातेल्याच्या तळाची खरवड ज्याने खाल्लीय त्याला वेगळं समजवावं लागत नाही. शब्द मी जुळवलेला आहे, कोशात शोधू नका. जुन्या वह्यांच्या पानांवरून पळणारे फिकट, बिनपंखी टिंबाएवढे किडे यांचेच भाऊबंद. त्यांना घरोघरी ‘कसर’ म्हणून मोकळे होतात, पण कसर म्हणजे ती चंदेरी, शेपटीला तीन केस असलेली. ती वेगळी.

आणि इंग्रजी शब्दच ठेवायचा असेल तर एका किड्याला ‘बार्कलाइस’ लिहू नका. एक असेल तर बार्कलाऊस.