ठाण्यात प्रायव्हेट नोकरी आहे, वय ३४, वर्षाला दोन महिने देऊन टेरिटोरियल आर्मीत जाता येईल का?

हो, येईल. ऑफिसरसाठी वय १८ ते ४२ चालतं, ग्रॅज्युएशन लागतं आणि मुख्य म्हणजे स्वतःची कमाई लागते. ही अट बऱ्याच जणांना उलटी वाटते, पण १९४९ पासून टीए, म्हणजे टेरिटोरियल आर्मी ही अर्धवेळ फौज, उभीच आहे नोकरीधंदा करणाऱ्यांच्या जोरावर, पोटापाण्यासाठी इथे यायचं नसतं.

मी घणसोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत नोकरी करतो आणि टीएत ऑफिसर आहे. लेखी परीक्षेची फार काळजी करू नका, रिझनिंग, साधं गणित, जीके, इंग्रजी, एवढंच असतं, लोकलमध्ये बसून अभ्यास होतो. पुढे इंटरव्ह्यू, एसएसबी (सैन्याची ऑफिसर निवडायची चाचणी), मेडिकल. एसएसबीला पाठ केलेली उत्तरं ग्रुप टास्कमध्ये टिकत नाहीत. पळायला मात्र आजपासून लागा, तुमच्याकडे तर येऊरचा चढ आहे.

आता तुमचे ते "वर्षाला दोन महिने". तो झाला फक्त वार्षिक कॅम्प. पहिल्या वर्षी बेसिक ट्रेनिंगचा एक महिना वेगळा, पहिल्या दोन वर्षांत आणखी तीन महिन्यांचं ट्रेनिंग, आणि युनिट एम्बॉडी झालं, म्हणजे पूर्णवेळ सेवेवर बोलावलं गेलं, की हिशोबच बदलतो, मग काश्मीर असो की ईशान्य, परत कधी यायचं ते तुमच्या हातात नसतं. मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टीए बोलवायचे अधिकार दिले, ३२ पैकी १४ इन्फन्ट्री बटालियन, तेव्हा आमच्या हिने बातमी वाचून मला एकच विचारलं, होम लोनचा हप्ता कुठल्या खात्यातून जातो? त्या रात्री आम्ही दोघांनी बसून विमा, आईची औषधं, मुलीची फी सगळं एका वहीत लिहून काढलं. तुम्ही हे फॉर्म भरायच्या आधी करा, कारण मागे राहून घर चालवणारा माणूस तितकीच नोकरी करत असतो आणि त्याला कोणी सॅल्यूट करत नाही.

ऑफिसचं म्हणाल तर कायद्याने कंपनीला रजा द्यावी लागते आणि परत कामावर घ्यावं लागतं. एचआरला बहुतेक हे माहीत नसतं, टीए अ‍ॅक्टची प्रत घेऊनच जा. कॅम्पच्या दिवसांचा पगार रँकप्रमाणे आर्मी देते, कंपनी त्या महिन्यांचा देईलच असं नाही. पेन्शन धरून चालू नका, ऑफिसरला त्यासाठी २० वर्षं एम्बॉडी सर्व्हिस लागते.

एवढं करून जायचं का? माझं उत्तर हो. माझ्याबरोबरचा एक जवान गावाकडे ऊस लावून कॅम्पला येतो, एरवी आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं, आणि आज अडचणीत मी ज्यांना पहिला फोन करीन त्यात तो आहे.

जाहिरात टीएच्या अधिकृत साइटवर येते, अर्ज तिथेच करा. सिलेक्शन करून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.