रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे झटके खोटे का?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग ही मुद्दाम करते का?" नातेवाईक हा प्रश्न बहुतेक वेळा पेशंटला बाहेर बसवून, आवाज खाली करून विचारतात. मी आधी पेशंटला आत बोलावून घेते, कारण उत्तर तिच्यासमोरच द्यायचं असतं: नाही, ती मुद्दाम करत नाही.

अपस्मारासारखे दिसणारे, पण अपस्माराचे नसलेले झटके (डिसोसिएटिव्ह झटके) येणाऱ्या अशाच एका तरुणीची ही गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. अनेक वर्षं फिट येत होत्या. अपस्माराची दोन औषधं चालू, डोस वाढत गेलेले, तरी फरक शून्य. सतत गुंगी, त्यात नोकरीही सुटलेली. शेवटी धाकट्या भावाने मोबाइलवर झटक्याचं शूटिंग केलं आणि ते न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे हलतेय, हातपाय एका लयीत नाहीत, झटका मध्येच थांबून पुन्हा सुरू होतोय, आणि हे सगळं दहा मिनिटांहून जास्त. अपस्माराचा मोठा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आटोपतो आणि त्यात डोळे सहसा उघडे असतात.

अर्थात, एवढ्यावरून निदान करत नाहीत. तिला दाखल करून व्हिडिओ-ईईजी केला. डोक्याला इलेक्ट्रोड, समोर कॅमेरा, आणि झटका येण्याची वाट बघायची. झटका आला, पण त्या वेळी मेंदूच्या विद्युत लहरींत अपस्माराचा बदल दिसला नाही. ही तपासणी महत्त्वाची, कारण एरवी काढलेला साधा ईईजी अपस्मार असतानाही नॉर्मल येऊ शकतो. नुसत्या नॉर्मल रिपोर्टवरून ना अपस्मार नाही असं म्हणता येत, ना नाटक आहे असं. डिसोसिएटिव्ह झटक्यांच्या निदानाला सरासरी 7 वर्षं लागल्याचं 2002 सालच्या एका जर्मन अभ्यासात आढळलं होतं. म्हणजे तेवढी वर्षं चुकीची औषधं आणि संशय, दोन्ही सोसायचे.

"मग मला वेड लागलंय का?" तिने विचारलं. मी सांगितलं, झटका खरा आहे, फक्त तो विजेच्या गडबडीतून येत नाही. ताण पेलेनासा झाला की मेंदू भान आणि शरीरावरचा ताबा काही काळ सोडून देतो, आपोआप. घराचं वायरिंग उत्तम असलं तरी लोड वाढला की फ्यूज उडतोच. ऐकून ती खूप रडली. इतक्या वर्षांत तिच्यावर कुणी विश्वास ठेवल्याचं तिला जाणवलं नव्हतं. काहींच्या पूर्वायुष्यात मोठा आघात असतो, सगळ्यांच्या नसतो. तो उकरून काढण्याचा हट्ट मी धरत नाही.

आम्ही झटक्याआधीचे क्षण शोधले. तिचा डावा अंगठा तर्जनीवर घासायला लागायचा, मग हात बधिर, श्वास वरच्या वर. एकदा कामाचा विषय निघाला आणि माझ्यासमोरच अंगठा हलू लागला. "पाय जमिनीवर दाब. खोलीतल्या निळ्या वस्तू मोठ्याने मोज." तरीही झटका आला. भावाने झेप घेऊन तिची मनगटं आवळली. "हात सोड. नुसता जवळ बस, हळू बोल." पुढच्या काही भेटींत मात्र मोजतामोजताच तिचा अंगठा थांबायला लागला.

झटके शून्यावर आणण्याचं वचन मी देत नाही. ब्रिटनमध्ये 368 रुग्णांवर झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विचार-वर्तन उपचारपद्धतीने वर्षभरानंतर झटक्यांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. पण त्रास कमी झाला, रोजचं जगणं सुधारलं. मला ते फार मोलाचं वाटतं. तिचेही झटके अधूनमधून येतात, पण अर्धवेळ काम सुरू आहे आणि ती एकटी बाहेर पडते.

तिची औषधं न्यूरॉलॉजिस्टनी हळूहळू बंद केली. हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या सोडू नका. काही जणांना अपस्मार आणि हे झटके, दोन्ही असतात. घरच्यांनी आसपासच्या टोकदार वस्तू हलवाव्यात, तोंडात काही घालू नये, दाबून धरू नये, गर्दी हटवावी. झटका नेहमीपेक्षा वेगळा वाटला, इजा झाली किंवा श्वास नीट चालत नसेल, तर लगेच अॅम्ब्युलन्स बोलवा. आणि ज्याचं निदान अजून झालेलंच नाही, त्याचा झटका पाच मिनिटांपलीकडे गेला तर तो अपस्माराचाच समजून धावा.