पुल-अप येत नसेल तर पाण्यातून डिंगीत एकट्याला परत चढता येतं का?

येतं. तुम्ही लिहिलंय वय ४४, वजन ८८, पुल-अप एकही निघत नाही आणि शिकवणारे नुसतं "हातांनी उचला स्वतःला" म्हणतात. माझं वजन तुमच्याहून तीन किलो जास्तच आहे आणि जिमला शेवटचा कधी गेलो ते बायकोला विचारावं लागेल, तरी मुंबई हार्बरमध्ये एन्टरप्राइज नावाची डिंगी, म्हणजे छोटी शिडाची बोट, चालवतो, पडतो आणि चढतो. हे हातांचं काम नाहीच.

पहिल्यांदा पडलो तेव्हा मीही कड धरून लटकलो आणि जोर लावला. झालं काय, पाय बोटीखाली सरकले, लाइफ जॅकेट कानापर्यंत वर आलं (पट्टे सैल, चूक माझीच) आणि बोट अंगावर कलायला लागली. असं तीन-चारदा केलं की दंड संपतात, मग डोकंही चालत नाही.

करायचं असं की हात कडेवर ठेवून आधी पाय मारत राहायचं, पोहायला शिकताना काठ धरून मारतो ना तसं, अंग पाण्यावर आडवं होईपर्यंत, मग एक जोरदार किक आणि त्याच क्षणी कड खाली दाबायची, म्हणजे स्वतःला वर ओढायचं नाही, बोट पोटाखाली घ्यायची. पोट कडेवर आलं की हात लांब करून आतला हायकिंगचा पट्टा (बाहेर झुकताना पाय अडकवतो तो) पकडा आणि कलंडा आत. पकडलेल्या सुरमईसारखे दिसाल, दिसू दे.

कुठून चढायचं? एन्टरप्राइज जेमतेम चार मीटरची, हल म्हणजे नुसता सांगाडा साधारण ९० किलो, म्हणजे तुमच्याएवढीच. एकटे असाल तर बाजूने चढताना उलटू शकते, म्हणून मागून चढा, फक्त सुकाण्याला लोंबकळू नका. आत कोणी असेल तर त्याला पलीकडच्या कडेला बसवा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूने या. उलट्या बाजूने, म्हणजे वाऱ्याखालून आलात तर बोट अंगावर येते, वर बूमही (शिडाच्या खालची आडवी काठी) डोक्याशी नाचत असतो. मेनशीट, म्हणजे मोठं शीड ओढायचा दोर, मात्र मोकळी हवी, शीड फडफडत राहू दे.

आणि तरीही जमलं नाही तर दोराचा फास. मी हाच आधीपासून बांधून ठेवतो. दहा मिलिमीटरचा दोर, एक टोक आतल्या आडव्या फळीला पक्कं, दुसऱ्या टोकाला बोलाइन (न आवळणाऱ्या फासाची गाठ), आणि फास पाण्याखाली दीडेक फूट, गुडघा वाकवून पाऊल ठेवता येईल इतका. फासात वीतभर पीव्हीसी पाइप ओवा, इलेक्ट्रिशियन वापरतात तो, नाहीतर ओला दोर मिटतो आणि पाऊल शिरतच नाही. पाय जोरात पुढे ढकलला की तो बोटीखाली पळतो आणि तुम्ही पाठीवर पडता, तेव्हा बोटीला चिकटून टाच ढुंगणाखाली घ्या आणि सरळ उभे राहा, शिडीवर उभे राहतो तसे.

बोट उलटली असेल तर सेंटरबोर्डवर (बोटीच्या तळातून खाली जाणारी फळी) उभं राहण्याआधी तिचं नाक वाऱ्याकडे वळवा. डोलकाठी वाऱ्याकडे असताना उचललीत तर वारा शिडाखाली शिरून ती तुमच्या बाजूला पुन्हा आडवी करतो.

एक मात्र पडल्या पडल्या करायचं, कुठलातरी दोर हातात धरायचा. उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे लोक ओहोटीला घाबरतात, पण ओहोटी तुम्हाला आणि बोटीला सारखंच नेते. लांब नेतो तो वारा, आणि रिकामी डिंगी आपल्या पोहण्याच्या स्पीडपेक्षा सहज पुढे जाते. किनारा जवळ दिसला तरी बोट सोडू नका.

प्रॅक्टिस दोनदा करा, एकदा ताजेतवाने असताना आणि एकदा सेलिंग संपल्यावर, दमलेले असताना, सोबत दुसरी बोट ठेवून. त्या बोटीवाल्याला सांगून ठेवा की जवळ आला की इंजिन बंद, नुसतं न्यूट्रलला नाही.