डासाच्या शृंगिकांमधली (डोक्यावरच्या, वास घेणाऱ्या मिशांमधली) प्रथिनं मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजण्याच्या तंत्राने, कशी ओळखतात? नुसता आरएनए तपासून भागत नाही का?

पूर्ण भागत नाही. आरएनएवरून जनुकाचा संदेश निघाला एवढंच कळतं. प्रथिन किती तयार झालं, किती टिकलं, हे त्यावरून नक्की सांगता येत नाही.

एका डासाच्या शृंगिकांत प्रथिन अगदीच थोडं, म्हणून सहसा अनेक डासांच्या एकत्र करतात. मग ट्रिप्सिन हे विकर टाकून प्रथिनांचे तुकडे करायचे. ते लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या लगेच नंतरच कापतं, त्यामुळे कोणते तुकडे पडतील याचा अंदाज आधीच बांधता येतो. यंत्र या तुकड्यांचं वस्तुमान आणि विद्युतभार यांचं गुणोत्तर मोजतं, त्यांना आणखी फोडून पुन्हा मोजतं. हे आकडे जनुकसंचावरून काढलेल्या संभाव्य प्रथिनांच्या यादीशी ताडले जातात. ॲनाफिलिस गॅम्बिई या डासाचा जनुकसंच २००२ मध्ये, एडिस इजिप्ती या डासाचा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याआधी ताडायचं तरी कशाशी?

मेख पुढे आहे. गंधाचे रेणू वाहून नेणारी प्रथिनं लहान, विरघळणारी आणि मुबलक, म्हणून ती पटकन सापडतात. गंधग्राही प्रथिनं मात्र पेशीपटलात रुतलेली आणि प्रमाणाने नगण्य, ती अनेकदा हुकतात. म्हणून सापडलेल्या प्रथिनांच्या यादीत नाव नसलं की ‘हे प्रथिन शृंगिकेत नाही’ असं म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

नर-मादी मात्र वेगळे ठेवाच (चावते फक्त मादी). आणि शृंगिका कुठून कापली तेही नोंदवा: दुसऱ्या खंडात ऐकण्याचं इंद्रिय असतं, तो आला की यादी बदलते.