रात्री दहाची चॉकलेटची तलफ

तीन आठवडे लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं खाणं, नीट चाललंय, जेवणाची काही तक्रार नाही, पण रात्री दहा वाजले की चॉकलेटशिवाय दुसरं काही सुचत नाही, असं तुम्ही म्हणताय. मग 'शुगर-फ्री' लिहिलेली मोठी वडी आणलीत, ती बसल्याजागी संपली, रात्रभर पोट गुडगुडलं आणि सकाळी ग्लुकोमीटरवर आकडा चढलेला. असं चॉकलेट चालतं का आणि ही तलफ जाते तरी कधी, हे तुमचे दोन प्रश्न. मी सहा वर्षं लो-कार्ब खातेय आणि अशीच वडी अशाच रात्री मीही संपवलेली आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी त्या वडीबद्दल. पाकीट फेकलं नसेल तर मागे घटकांमध्ये 'माल्टिटॉल' हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ आहे का ते बघा. बहुतेक असणारच, कारण ते चवीला आणि पोताला साखरेच्या सगळ्यात जवळ जातं आणि कारखान्याला सोयीचं पडतं. साखर नसली तरी माल्टिटॉल म्हणजे शून्य नव्हे. साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स (एखादा पदार्थ रक्तातली साखर किती वाढवतो त्याचं माप) 65च्या आसपास, माल्टिटॉलच्या भुकटीचा साधारण 35 आणि त्याच्या सिरपचा 50च्या पुढे. म्हणजे निम्म्याहून जास्त परिणाम शिल्लक राहतो. पाकिटावर मात्र ते सगळंच्या सगळं वजा करून 'नेट कार्ब', म्हणजे वजाबाकीनंतर उरलेले कार्ब, '3 ग्रॅम' असं ठळक छापलेलं असतं. जे पचत नाही ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जीवाणू त्यावर ताव मारतात, आणि पुढचं तुम्ही रात्रभर अनुभवलंच आहे. सवयीने मी माल्टिटॉलचे निम्मे ग्रॅम कार्बमध्ये धरते. खरं सांगायचं तर आता ते घेतच नाही.

एरिथ्रिटॉल या साखरेऐवजीच्या दुसऱ्या गोड पदार्थाची गोष्ट वेगळी. ते बरचसं लहान आतड्यातूनच रक्तात जातं आणि लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे रक्तातली साखर हलत नाही आणि पोटही सहसा बिघडत नाही. जिभेला थोडं गार लागतं, ते काहींना आवडत नाही. 2023 साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणं आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध दाखवला. कारण सिद्ध झालं असं त्यातून म्हणता येत नाही, कारण शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं. तरी चमच्याचमच्याने घालणं मी तेव्हापासून सोडलं.

आता तलफ. 'चॉकलेट खावंसं वाटतं म्हणजे मॅग्नेशियम कमी पडतंय' हे तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलंच असेल. मलाही सांगितलं होतं आणि मी दोन महिने गोळ्या घेतल्या. तलफ जागच्या जागी. जरा विचार केला तर ते पटत नाहीच: 100 ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये साधारण 230 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, बदामात त्याहून थोडं जास्त आणि भोपळ्याच्या बियांमध्ये दुपटीहून अधिक. भोपळ्याच्या बियांसाठी रात्री दहाला कोणी कपाटं उघडल्याचं ऐकलंय का? 1994 मध्ये मिचनर आणि रोझिन या दोघा संशोधकांनी हे छान तपासलं होतं. तलफ आली की लोकांना कधी मिल्क चॉकलेट, कधी व्हाइट चॉकलेट, तर कधी कोको भरलेल्या कॅप्सूल द्यायच्या. कोकोमधली सगळी रसायनं पोटात जाऊनही कॅप्सूलनं काहीच फरक पडला नाही. ज्यात कोकोची भुकटी अजिबात नसते त्या व्हाइट चॉकलेटनं थोडी तलफ भागली, आणि मिल्क चॉकलेटनं सगळ्यात जास्त. मागणी तोंडाची असते, शरीरातल्या कुठल्या कमतरतेची नाही. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, 34 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेच्या किंचित खाली. ते जिभेवर विरघळणं, तो वास, त्यात साखर आणि स्निग्धता एकत्र: एवढं सगळं एका घासात देणारं दुसरं काही पटकन आठवत नाही.

हे कळल्यावर माझं गणित बदललं. तोंडालाच हवं असेल तर थोडंसं, पण खरं चॉकलेट द्यायचं आणि ते हिशोबात धरायचं. नकली गोष्टी मनसोक्त खायच्या, ही वाट मी पूर्ण चालून आले आहे. बिनसाखरेची 'कीटो ब्राउनी', लोणी-क्रीमचे गोड गोळे म्हणजे 'फॅट बॉम्ब', सगळं करून झालं. साखर वाढली नाही, पण वजन चार महिने एका जागी अडून बसलं आणि गोडाची ओढ होती तेवढीच राहिली, कारण जीभ रोज तितक्याच गोडावर पोसली जात होती.

पण त्याआधी एक बघा: दहा वाजता तुम्हाला खरंच चॉकलेट हवं असतं की भूक लागलेली असते? सुरुवातीच्या आठवड्यांत इन्सुलिन खाली येतं तसं मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. डोकं जड होतं, गळून गेल्यासारखं वाटतं आणि 'काहीतरी हवंय' असं होतं. तेव्हा मीठ घातलेलं गरम सूप प्यायलं आणि वीस मिनिटांत बरं वाटलं, तर ती चॉकलेटची तलफ नव्हतीच. (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.) रात्रीच्या जेवणात प्रथिनं कमी पडत असतील तरी हेच होतं. माझी खूण सोपी आहे: समोर उकडलेली अंडी असती तर खाल्ली असती का? हो असेल तर भूक. नको, चॉकलेटच हवं असेल, तर तलफ.

आणि तलफ असेल तर पुढचं ऐका. पाकिटावरचा टक्का म्हणजे कोकोची भुकटी आणि कोको बटर मिळून. उरलेलं डार्कमध्ये जवळपास सगळं साखरच. 70 टक्क्यांच्या वडीत 100 ग्रॅमला साधारण 30 ग्रॅम साखर, 85 मध्ये 15च्या आसपास, 90 मध्ये त्याहूनही कमी. मिल्क चॉकलेटमध्ये ती 50 ग्रॅमपर्यंत जाते. मी 85 टक्क्यांचे दहा-दहा ग्रॅमचे दोन तुकडे खाते. फायबर वजा करून साधारण चार ग्रॅम कार्ब आणि 120 कॅलरी. दिवसाला 20 ग्रॅम कार्बवर असाल तर हा पाचवा हिस्सा झाला, म्हणजे जेवणात तेवढं सोडावं लागेल. 100 ग्रॅमवर असाल तर फारसा विचार करू नका. लेबल वाचताना एक मोठी फसगत होते: युरोपात छापलेल्या लेबलवर कार्बच्या आकड्यात फायबर धरलेलं नसतं, अमेरिकेतल्या लेबलवर धरलेलं असतं. युरोपातल्या आकड्यातून पुन्हा फायबर वजा केलं की कार्ब कागदावर गायब होतात, पोटात नाही. मी हे वर्षभर केलं.

एकदम 90 टक्क्यांवर उडी मारू नका. मी पहिल्यांदा 99 टक्क्यांची वडी आणली होती, कोळसा चघळल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी रागाने मिल्क चॉकलेट खाल्लं. 70 पासून सुरू करा, दोन-तीन आठवड्यांनी वर चढा. जीभ खरंच बदलते, आज मला मिल्क चॉकलेट घशात खवखवेल इतकं गोड लागतं. कडूपणा टोचत असेल तर तुकड्यावर मिठाचे दोन कण टाका, मीठ कडू चव दाबतं. फ्रीजमधून काढून लगेच खाऊ नका, गार चॉकलेटला ना वास येतो ना ते नीट वितळतं, आणि मग समाधान होत नाही म्हणून तिसरा तुकडा तोडला जातो. जेवण झाल्या झाल्या खा, दहापर्यंत थांबू नका. तुकडे मोडून ताटलीत घ्या, वडी परत कपाटात ठेवा आणि मगच बसा. हे शेवटचं वाक्य मला कोणी पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं.

दहा वाजता तरीही ओढ आलीच तर कोको प्या. बिनसाखरेची कोको भुकटी म्हणतेय, 'ड्रिंकिंग चॉकलेट' नव्हे, त्यात निम्म्याहून जास्त साखर असू शकते. एक मोठा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम भुकटीत तीन ग्रॅम कार्ब आणि त्यातलं जवळजवळ दोन ग्रॅम फायबर. आधी भुकटीत दोन चमचे गरम पाणी घालून घोटून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. मग उरलेलं गरम पाणी, दोन चमचे क्रीम, चिमूटभर मीठ. आंबटसर तुरट चव नको असेल तर अल्कलीची प्रक्रिया केलेली, 'डच' म्हणतात ती भुकटी घ्या, ती सौम्य लागते. कोकोत थोडं कॅफिन आणि त्याच्याच जातीचं थिओब्रोमिन बरंच असतं, तेव्हा झोप उडत असेल तर हा पेला संध्याकाळी.

चालण्याचाही उपयोग होतो. एक्सेटर विद्यापीठातल्या एका प्रयोगात पंधरा मिनिटं झपझप चाललेल्या लोकांनी नंतर काम करताना चॉकलेट जवळपास निम्मंच खाल्लं. मला रात्री बाहेर पडायचा कंटाळा येतो, त्यामुळे हे मी सांगते जास्त, करते कमी.

तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत असं म्हणालात, म्हणून हे महत्त्वाचं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी असेल तर कार्ब कमी केल्यावर साखर फार खाली जाऊ शकते, डोस कमी करायला हवा का ते डॉक्टरांशी बोला. हात थरथरून, घाम येऊन अचानक गोड खावंसं वाटलं तर आधी साखर मोजा. 70च्या खाली असेल तर चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तिथे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखरच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. त्या वेळी डाएट आठवायचं नाही.

तसली आणखी एखादी शुगर-फ्री वडी घरात उरलेली असली, तर मागच्या घटकांची पहिली चार नावं मला कळवा, मग ठेवायची की टाकायची ते सांगते. घरात कुत्रा असेल तर तोवर उंचावर ठेवा. चॉकलेट त्याला विषारी, आणि वडीत झायलिटॉल (हाही साखरेऐवजीचा गोड पदार्थ) असेल तर ते त्याहून वाईट.